डिस्क काढा

इल्पो कॅर्नाच्या घरातली मागची खोली पाहून नवा माणूस बुचकळ्यात पडे. भिंतीलगतच्या फळ्यांवर जुने लॅपटॉप ओळीने मांडलेले असत. कुणाची बिजागरी निखळलेली, कुणाची दोन-चार बटणं गळालेली, एकाच्या झाकणावर कुठल्याशा शाळेचा शिक्का अजून शाबूत. यातला एकही लॅपटॉप इल्पो वापरत नसे. तो त्यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम घालायचा, चालते का बघायचा, पुसून टाकायचा आणि पुन्हा घालायचा. पेरायचं, उगवलं की त्यावर नांगर फिरवायचा आणि परत पेरायचं, अशी ती शेती.

पूर्वी तो कायानी या फिनिश शहरातल्या एका कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून येणारी वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट बघायची, ठीक असेल तर पुढे सोडायची. कारखाना परदेशी गेला आणि इल्पो कुह्मो गावात आपल्या वडिलांच्या घरी परतला. त्या वयात नवं काम कोण देणार? पण ‘रोउता’ नावाची एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी मंडळी होती. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेल्या संगणकांना ती सिस्टीम पुन्हा चालतं करी. या मंडळींना तपासनीस हवा होता. तांपेरेत राहणारी एरिका त्यांची प्रमुख. तिने इल्पोला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, "आम्हाला हुशार माणूस नकोय. हुशार माणसं आमच्याकडे पोत्याने आहेत. आम्हाला चिकट माणूस हवा."

"चिकट मी आहे," इल्पो म्हणाला होता. "बायको याच कारणाने गेली."

त्याच्या वाट्याला आला इन्स्टॉलर. म्हणजे सिस्टीम बसवताना पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या त्या खिडक्या: भाषा कोणती, कळफलक कोणता, तुमचं नाव काय, कुठल्या डिस्कवर बसवू. माणसाला वाटतं, चार वेळा ‘पुढे’ दाबलं की झालं. इल्पोला ठाऊक होतं की त्या चार दाबण्यांत चाळीस खड्डे असतात. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर ‘पुढे’चं बटणच पडद्याच्या खाली जाऊन लपायचं. नकाशावर कुह्मोवर बोट ठेवावं तर इन्स्टॉलर तुम्हाला पार ऑलंडच्या बेटावर नेऊन बसवायचा. एका आवृत्तीत तर नावात दोन टिंबांचं अक्षर आलं की सगळं गोठायचं. स्वतः इल्पोला आपलं आडनाव टिंबांशिवाय लिहावं लागायचं. तो असे खड्डे शोधायचा, एरिकाला कळवायचा आणि बुजले की पुन्हा तिथे पाय देऊन बघायचा.

या कामात त्याला एकच माणूस खऱ्या अर्थाने हसत असे, आणि तो म्हणजे ताइस्तो मोइलानेन.

ताइस्तो लिलाव पुकारायचा. उन्हाळ्यात गावोगावच्या अंगणांत मेलेल्या म्हाताऱ्यांच्या वस्तूंचे लिलाव होतात: कपाटं, दुधाच्या बरण्या, होड्या, गवताची यंत्रं. ताइस्तो एका उलट्या पेटीवर उभा राहून ते पुकारायचा. बोली थंडावली की तो गर्दीतल्या एखाद्याला नावाने हाक मारून म्हणे, "काय रे, एवढ्यात दमलास? बायकोने विचारलं तर काय सांगशील, कपाट पळून गेलं?" लोक खरेदीला कमी आणि त्याचं बोलणं ऐकायला जास्त येत. इल्पो आणि तो शाळेपासूनचे. दर गुरुवारी सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून लाकडी खोलीत घ्यायची वाफ, आणि त्यानंतर पत्ते, हा दोघांचा नेम. सौनात दोघंही तासन्‌तास गप्प बसत. पण ताइस्तोचं गप्प बसणं त्याच्या बोलण्याइतकंच ओळखीचं होतं. रागावला असला तर तो गप्प राहून पाणी जोरात ओतायचा; खूश असला तर गप्प राहून पाय हलवायचा.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल.

शस्त्रक्रियेला थोडा अवधी होता. इस्पितळातल्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी ताइस्तोला सुचवलं, आवाज आहे तोवर रोजची वाक्यं ध्वनिमुद्रित करून ठेव, पुढे लॅपटॉपवर चौकोन दाबला की ती तुझ्याच आवाजात वाजतील. त्यांनी नमुन्याची छापील वाक्यंही दिली. ताइस्तोने ती हिल्क्काला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवली.

"‘कृपया खिडकी उघडाल का?’ अगं, मी जन्मात असं बोललोय का?"

"नाही. तू ‘खिडकी!’ म्हणून ओरडतोस."

"मग तेच भरतो."

आणि त्याने तेच भरलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मायक्रोफोन ठेवून तो रोज बसायचा. "दार लाव, डास येतायत." "हिल्क्का, ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी?" "इल्पो, गाढवा, तुझी पाळी आहे." कुत्र्याला बोलावण्याची हाक. बायकोला सकाळी उठवण्याची हाक. शिव्या तर त्याने चवीने भरल्या, साध्या, मध्यम आणि लाकूड बोटावर पडल्यावरच्या. नुसतं "बरं" त्याने किती तऱ्हांनी भरलं होतं! चला निघू या, असं बरं. पुरे झालं, असं बरं. मेलं ते, जाऊ दे, असं बरं.

शस्त्रक्रियेनंतर गळ्याला भोक आणि समोर लॅपटॉप, असा ताइस्तो घरी आला. पहिल्या गुरुवारी इल्पो पत्ते खेळायला गेला तेव्हा त्याला कसंसंच होत होतं. तो नुसते पत्ते पिसत बसला. तोच टेबलावरून खणखणीत आवाज आला, "इल्पो, गाढवा, तुझी पाळी आहे." इल्पो इतका हसला की डोळे पुसावे लागले.

ताइस्तोचा लॅपटॉप जुना होता. त्याच्यावरची सिस्टीम बनवणाऱ्यांनी तिची दुरुस्ती थांबवली होती आणि ती रोज नव्या कुरबुरी करी. त्या शरदात गावच्या वाचनालयात रोउता बसवण्याचा दिवस ठरला. लोकांनी आपापले जुने संगणक घेऊन यायचं, मंडळी मदत करणार. इल्पो आदल्या दिवशी ताइस्तोकडे गेला आणि सगळा आवाज लॅपटॉपवरून एका छोट्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. डिस्क त्यानेच निवडून आणायला लावली होती. चांगली, नव्या पद्धतीची, आत काहीही न फिरणारी. प्रत उतरली की नाही, हे त्याने एकेक वाक्य वाजवून तपासलं. शिव्यांपर्यंत आल्यावर हिल्क्का म्हणाली, "एवढ्या तपासायलाच हव्यात का?"

"नियम म्हणजे नियम," इल्पो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गर्दी उसळली. कॉफी, वेलदोड्याचे पाव, ओल्या कोटांचा वास. इल्पो या टेबलावरून त्या टेबलावर धावत होता. ताइस्तो खिडकीपाशी बसला होता, गळ्यातल्या रुमालाखाली हात घालून, शेजारी लिहायची पाटी. इन्स्टॉलर सुरू झाला होता. भाषा निवडून झाली, कळफलक झाला. आता कुठल्या डिस्कवर बसवायचं, हा प्रश्न पडद्यावर होता. लॅपटॉपला ती बाहेरची डिस्क जोडलेलीच होती. ताइस्तोने ती सोबत आणली होती, कारण सिस्टीम बसली की लगेच आवाज परत घ्यायचा होता. इल्पोने दुरून ती पाहिली आणि ओरडून सांगितलं, "ताइस्तो! आधी ती डिस्क नीट काढ! ओढू नकोस, नीट काढ!"

फिनिशमध्ये त्यासाठी शब्द आहे, पोइस्ता. तो आपल्या ‘काढा’सारखाच वागतो. पेन ड्राइव्ह यंत्रातून काढा, तेही पोइस्ता. आणि कपड्यावरचा डाग काढा, माशाचे काटे काढा, यादीतून नाव काढून टाका, तेही पोइस्ता. पहिल्या वेळी वस्तू हातात उरते. दुसऱ्या वेळी नाहीशी होते.

ताइस्तो आज्ञाधारक नव्हता, पण सावध होता. जोडलेली डिस्क एकदम ओढली की बिघडते, आधी पडद्यावर ‘काढा’ म्हणावं लागतं, हे त्याला इल्पोनेच पूर्वी शिकवलं होतं. त्याने पडद्यावर शोधलं. डिस्कच्या नावापुढेच बटण होतं: ‘डिस्क काढा’. त्याने ते दाबलं. इन्स्टॉलरने विचारलं, ‘ही डिस्क काढायची, याची खात्री आहे का?’ ताइस्तोने अंगठा वर करून इल्पोकडे पाहिलं. इल्पोनेही गर्दीतून अंगठा वर केला. क्षणात उत्तर आलं, ‘डिस्क काढली.’ ताइस्तोने तार सोडवली, डिस्क हातरुमालात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. मग लॅपटॉपची स्वतःची डिस्क निवडून ‘पुढे’ दाबलं. तिथला जुना आवाज ठरल्याप्रमाणे पुसला गेला.

रोउता छान बसली. एकही खड्डा लागला नाही.

"आण तुझा आवाज," इल्पो म्हणाला. ताइस्तोने खिशातून रुमाल काढला, उलगडला. इल्पोने डिस्क जोडली. पडद्यावर आलं: रिकामी, नाव नाही.

त्याने तार बदलली. दुसरं छिद्र. दुसरा लॅपटॉप. रिकामी, नाव नाही.

"तू काय दाबलंस?"

ताइस्तोने पाटीवर लिहिलं, ‘तू म्हणालास ते. काढा.’

इल्पो एका मोकळ्या संगणकापाशी जाऊन बसला. आपल्या खिशातला कोरा पेन ड्राइव्ह जोडून त्याने इन्स्टॉलर त्या खिडकीपर्यंत आणला. ही खिडकी त्याने इतक्या वेळा पाहिली होती की आता तो ती वाचतच नसे. नुसतं कुठे काय आहे ते ओळखून दाबायचा. त्या दिवशी त्याने ती पहिल्यांदा वाचली. आपण ते बटण नेहमी चाचणीच्या डिस्कवरच दाबत आलो, आणि प्रत्येक वेळी आपल्याला पुसायचंच होतं, एवढं त्याच्या ध्यानात आलं. मागे वळून बघायचं धैर्य होईना. मागे ताइस्तो उभा होता. त्याचा श्वास गळ्याच्या भोकातून येत होता, आणि तो इल्पोला मानेवर जाणवत होता.

"परत आणता येतं," इल्पो म्हणाला. "पुसलेलं बहुतेक वेळा परत येतं. मी आणतो."

ताइस्तोने मान हलवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी येऊन इल्पोने डिस्कवर पुसलेल्या गोष्टी शोधणारे जेवढे प्रोग्रॅम ठाऊक होते तेवढे चालवले. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पुसणं म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडणं असतं, पानं आत राहतात. इथे पानंच नव्हती. सगळीकडे शून्य. टोकापासून टोकापर्यंत शून्य. लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवरही रोउताखेरीज काही उरलं नव्हतं. त्याने एरिकाला फोन लावला.

"एरिका, ‘डिस्क काढा’ हे बटण बघ."

"बघतेय. काय झालं?"

"तू पहिल्यांदाच वाचतेयस असं समजून वाच."

तिने ते मोठ्याने वाचलं. "मूळ इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, इल्पो. आपल्या शब्दसूचीत दोन्हींना एकच ठरलाय. चूक म्हणता येणार नाही. शब्द बरोबर आहे."

"शब्द बरोबर आहे. माणूस मुका झाला."

"काय?"

त्याने सांगितलं. दुसऱ्या टोकाला कुणी तरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"डिस्क कुठल्या पद्धतीची?" एरिकाने विचारलं. तिच्या आवाजात आता वाद नव्हता.

"नव्या."

"मग ती झटपट पुसण्याची आज्ञा गेली असणार. डिस्कलाच सांगतो आपण, सगळं विसर म्हणून. आणि ती विसरते. आपण पूर्वी तसं करत नव्हतो, आपण नुसतं…" ती थांबली. "इल्पो, ते कुणी मागितलं होतं, आठवतंय ना तुला?"

इल्पोला आठवत होतं. पुसण्यात फार वेळ जातो, दिवसाला पुरेशा चाचण्या होत नाहीत, काही तरी जलद करा, असा लकडा त्यानेच लावला होता. ते झाल्यावर त्याने एरिकाला आभाराचं पत्रही धाडलं होतं.

"शब्द आजच बदलते," एरिका म्हणाली. "‘रिकामी करा’ करते. लाल रंगात. इल्पो? ऐकतोयस ना?"

"बदल," तो म्हणाला.

तरी त्याने डिस्क हेलसिंकीच्या एका कार्यशाळेत पाठवली. अशा ठिकाणी जळालेल्या, बुडालेल्या डिस्कांतूनही माहिती काढतात. उत्तर सभ्य होतं आणि त्यात आशेला एकही फट नव्हती. इस्पितळातल्या बाईंकडे विचारलं. ती वाक्यं चौकोनांत बसवून त्यांनी फाइल ताइस्तोच्या हवाली केल्यावर नियमाप्रमाणे आपल्याकडची प्रत ठेवली नव्हती.

दरम्यान ताइस्तोच्या नव्या सिस्टीमवर यंत्राचा आवाज होता. लिहिलेलं तो वाचून दाखवी, अगदी शुद्ध, बातम्या सांगणाऱ्यासारखा. हिल्क्काने तो एक दिवस ऐकला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बंद कर तो. घरात हा कोण परका माणूस आणून बसवलास? कॉफी मागतो की हवामान सांगतो, तेच कळत नाही." ताइस्तोने बंद केला. यंत्राच्या आवाजाला कुत्राही येत नव्हता; तो खुर्चीखाली शिरून बसायचा. ताइस्तो आता टाळी वाजवून त्याला बोलवायचा.

इल्पोला अजून एक वाट दिसत होती. लिलावाला येणारे लोक फोनवर चित्रण करतात. तो गावागावांत फिरला, ज्याच्या त्याच्या दारात उभा राहिला. माणसं मनाने चांगली, त्यांनी जुने फोन शोधून शोधून दिले. गर्दीच्या गलक्यातून, वाऱ्यातून त्याने ताइस्तोचा आवाज वेगळा केला. "पहिल्यांदा… दुसऱ्यांदा…" "काय रे, एवढ्यात दमलास?" त्याने ते तुकडे चौकोनांत बसवले आणि एका दुपारी ताइस्तोच्या स्वयंपाकघरात टेबलावर वाजवले.

हिल्क्का ओट्याशी उभी होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. तीन-चार तुकडे वाजले. घरभर तो आवाज भरला. पेटीवर उभा राहिलेला, दूरच्या कुंपणापर्यंत पोचणारा.

"बंद करतोस का जरा?" हिल्क्का म्हणाली. "रागावू नकोस, इल्पो. तू किती फिरलास ते ठाऊक आहे मला. पण घरात तो असा बोलत नसे रे. हा बाजारातला ताइस्तो आहे. याने मला कधी उठवलं नाही सकाळी."

ताइस्तोने पाटी ओढली. ‘घरात याला विकायला काही नाही,’ त्याने लिहिलं, आणि मग तेही पुसून दुसरं लिहिलं, ‘राहू दे. बटण मी दाबलं.’

"तू दाबलंस ते मी सांगितलं म्हणून," इल्पो म्हणाला.

ताइस्तोने खांदे उडवले. लिहिलं, ‘शब्द सगळ्या देशाचा आहे.’

इथे थांबता आलं असतं. हिल्क्काने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं होतं. ताइस्तोने स्वतःहून माफी टेबलावर ठेवली होती. इल्पोने नुसती उचलायची होती. पण पट्ट्यावरची वस्तू अर्धी तपासून पुढे सोडायची सवय त्याला कधीच नव्हती.

"शब्दाने डिस्क पुसली," तो म्हणाला. "पण पुसलेलं परत आलं असतं, ताइस्तो. पूर्वीच्या इन्स्टॉलरमध्ये आलं असतं. नव्या डिस्कवरही मी संध्याकाळी बसून सगळं परत आणलं असतं. ते येत नाही, कारण आता पुसणं झटपट होतं. आणि ते झटपट मी करायला लावलं. माझ्या चाचण्या लवकर उरकाव्यात म्हणून. वाचनालयात म्हणालो ना, मी आणतो म्हणून? तेव्हा हे मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं."

हिल्क्का वळली. ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

ताइस्तो हातात पाटीची काडी धरून बसला होता. ती हलली नाही. तो इल्पोकडे बघत होता, मग खिडकीबाहेर बघू लागला. तिथे अंगणात पहिलं पातळ बर्फ धरत होतं. इल्पो वाट पाहत राहिला. सौनात इतकी वर्षं दोघं असेच गप्प बसले होते, आणि एकदाही त्याला विचारावं लागलं नव्हतं की तू कुठल्या कारणाने गप्प आहेस. पाणी कसं ओततो, पाय हलतो की नाही, त्यावरून कळायचं. तेव्हा ताइस्तो बोलू शकत होता, आणि म्हणून त्याच्या न बोलण्यालाही अर्थ होता. आता पाय हलत नव्हता, काडी हलत नव्हती. हा राग आहे, की दुःख, की नुसता थकवा, का आणखी काही, ते इल्पोला ओळखता येईना. त्याने जिवाच्या आकांताने ओळखायचा प्रयत्न केला.

कॉफी उतू गेली. हिल्क्काने भांडं बाजूला सरकवलं, पण कप काढले नाहीत.

"ताइस्तो," इल्पो म्हणाला. "काही तरी लिही."

ताइस्तोने त्याच्याकडे पाहिलं. काडी पाटीवर ठेवली, आडवी, आणि हात टेबलाखाली घेतले.

इल्पो आणखी थोडा वेळ बसला. मग उठला, टोपी घातली. दारापाशी त्याने सवयीने वळून बघितलं. ताइस्तो तसाच बसला होता. हिल्क्का त्याच्या मागे जाऊन उभी राहिली होती, तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि तीही खिडकीबाहेरच बघत होती.

त्या गुरुवारी इल्पो सौनाला जावं की जाऊ नये, हे ठरवू शकला नाही. तो ताइस्तोच्या फाटकापर्यंत गेला. सौनाच्या धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे सौना तापली होती. पण ती त्याच्यासाठी तापवली होती की कसं, ते धुरावरून कळत नव्हतं. त्याने एक हाक मारली. आतून उत्तर येणं शक्यच नव्हतं. तो फाटकाशी उभा राहिला, पाय गारठेपर्यंत, आणि मग घरी परतला.